एक सूत जादा

दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर टाकले की आमच्या बाजूला भाताची घाई सुरू होते. शेतातलं पाणी आटलेलं असतं, चिखलाला भेगा पडायला लागलेल्या असतात. सकाळी बांधावरून चाललं तर दवानं पोटऱ्या भिजतात आणि दहा वाजले की तेच शेत अंग भाजून काढतं. कापलेल्या भाताला वास असतो. गोडसर, जरा धुळकट, तव्यावर नुकती पडलेली भाकरी असावी तसा. तो नाकात गेला की मला शिंक येते, आणि शिंकेमागून डोळ्यांना पाणी. घरातले म्हणतात, आजीला कापणीची ॲलर्जी आहे. नात सई कर्जतहून गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. मी गोळी नेमानं घेते. डोळ्यांतलं पाणी काही थांबत नाही, पण ते कशाचं म्हणून कोणी विचारत नाही, एवढा गोळीचा गुण.

मला अडुसष्ट पुरी झाली. आता मी काही बोलले तरी लोक अर्धंच ऐकतात आणि हसून सोडून देतात. म्हणून आज त्या छत्तीस वर्षांच्या बाईबद्दल मोकळेपणानं बोलते. ती म्हणजे मीच, पण मी तिला माझी म्हणायला जरा कचरते. भलतीच शहाणी बाई होती. आमच्या गावापासून कर्जतपर्यंत तिच्याइतकं कोणालाच काही कळत नव्हतं, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

तिनं कर्जतला सहा महिने शिवणाचा क्लास केला होता. सर्टिफिकेट मिळालं, ते तिनं फ्रेम करून देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं. सासूबाई उदबत्ती ओवाळायच्या तेव्हा त्या सर्टिफिकेटलाही ओवाळलं जायचं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि सुनेनं सांगितलं नव्हतं. खिडकीशी मशीन, गळ्यात टेप, कानामागे खडू. लग्नाला गेली तरी कानामागचा खडू काढायची नाही. लोकांना कळायला नको?

आमचे हे रसायनीला एका कंपनीत फिटर होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी नखांत काळं घेऊन यायचे. ते काळं साबणानं जायचं नाही, आणि त्यांना ते जायला नकोही होतं. जेवताना बोटं पुढे करून बसायचे, जसे नवरीमुलीचे मेंदीचे हात. मग कंपनी बंद पडली. यांनी हातात आलं त्यात एक जुनी डिझेलची जीप घेतली. वरच्या ठाकरवाडीतून माणसं खाली रस्त्याला आणायची, रस्त्यावरून कर्जतला सोडायची. कापणीच्या दिवसांत वाडीतल्या बायका आमच्या खालच्या गावांत भात कापायला यायच्या, तेव्हा जीप भरभरून चालायची. विळे सगळ्यांचे पेंढ्यात गुंडाळून टपावर. आत चौदा बायका, त्यांची पोरं, एखादी कोंबडी, आणि एवढ्यांच्या वर त्यांचं हसणं.

जीपमध्ये एकच दोष होता. इंजिनाच्या कुशीला, अगदी खाली, तेलाचा फिल्टर लोंबायचा. गाईचं सड लोंबावं तसा. वाडीचा रस्ता म्हणजे रस्ता असं म्हणायची आपली पद्धत. काळे दगड, मधे पाण्यानं कापलेले चर. एखादा दगड टायरखालून उडाला की बरोबर फिल्टरवर. दोन महिन्यांत तीनदा फिल्टर फुटला. तीनदा रस्त्यावर काळ्या तेलाची धार, तीनदा हे वाडीच्या चढावर जीप सोडून पायी घरी.

तिसऱ्यांदा आले तेव्हा पाणीही न पिता ओसरीवर बसले आणि माझा कानामागचा खडू काढून घेतला. सारवलेल्या जमिनीवर त्यांनी इंजिनाचं चित्र काढलं.

"हा इथून उचलायचा," म्हणाले, "आन् हितं वर, मडगार्डच्या आतल्या अंगाला टांगायचा. मग लागू दे किती दगड लागतोय तो."

"आणि तेल वर कसं जाणार? तुम्ही पळीनं घालणार?"

"अगं, फिल्टरच्या जागी एक प्लेट बसवायची. प्लेटीला दोन भोकं. एकातून तेल पाइपानं वर फिल्टरला जातं, गाळून दुसऱ्यातनं खाली येतं. इंजिनाला कळनार पन नाय फिल्टर घर बदलून गेला त्ये."

अशी प्लेट दुकानात मिळत नव्हती. मिळत असती तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. तेव्हा मात्र त्यांचे डोळे बघून मला वाटलं, मिळत नाही तेच उत्तम. कंपनी बंद पडल्यापासून माणसाच्या चेहऱ्यावर तो उजेड आला नव्हता.

भंगारातून ॲल्युमिनियमचा एक जाड तुकडा आणला. रसायनीला यांचे जुने दोस्त होते, नाना, त्यांच्याकडे लेथ होता. त्यावर प्लेटीला गोल आकार दिला, भोकं पाडली. मग खरं काम सुरू झालं ते आमच्या ओसरीवर. प्लेट इंजिनाला टेकते ती बाजू अगदी सपाट लागते, केसभर बाक असला तरी तेल बाहेर. ती सपाट आहे की नाही बघायचं कसं? तर यांनी माझ्या कपाटाचा आरसा बिजागरीतून काढून आणला आणि माझ्याकडे कुंकू मागितलं.

"कुंकू? आणि मी काय लावू?"

"तुला टिकली आनतो."

तेलात कुंकू कालवलं, आरशावर बोटानं पातळ पसरलं. त्यावर प्लेट ठेवून हलकेच फिरवायची आणि उचलून बघायची. जिथे प्लेट उंच तिथे लाल लागलेलं. तेवढंच कानशीनं घासायचं, पुन्हा आरशावर ठेवायची, पुन्हा बघायची. असं आठ दिवस. बाहेर खळ्यावर झोडणी चाललेली, फळीवर भाऱ्यांचा धप धप आवाज, आणि ओसरीवर कानशीची खर्र खर्र. त्या दोन आवाजांत मी ब्लाउज शिवत होते. आठव्या दिवशी प्लेट उचलली तर तिचं सगळं अंग एकसारखं लाल. कुठे डाग नाही, कुठे कोरं नाही. यांनी ती मला दाखवली आणि तशीच धरून उभे राहिले. नवऱ्यानं मला दागिना कधी दाखवला नव्हता, त्यामुळे तुलना करता येत नाही. पण दागिना दाखवणारा माणूस तसाच उभा राहत असावा.

सासूबाई म्हणाल्या, "कुंकवाचा सत्यानास. आन् त्ये बी लोखंडाला."

"आये, ॲल्युमिनियम हाय त्ये."

"मग तर जास्तच सत्यानास."

आता पॅकिंग. प्लेट आणि इंजिन यांच्या मधे एक जाड कागद घालतात, त्याला पॅकिंग म्हणतात. त्याला प्लेटीसारखीच भोकं लागतात. खरी रीत अशी की कागद प्लेटीवर धरायचा आणि भोकाच्या काठावर हातोडीनं हळूहळू ठोकायचं. कागद आपोआप काठाकाठानं कापला जातो. कागद आणि हातोडी घेऊन हे बसले, तेवढ्यात ती शहाणी बाई मशीनवरून उठली.

"काय करता?"

"पॅकिंग कापतो."

"हातोडीनं? आठ दिवस घासलीत, कुंकवानं न्हाऊ घातलीत, आणि आता तिच्यावर हातोडी मारणार? मऊ धातू तो. टवका उडाला म्हणजे?"

हे थांबले. खरंच थांबले. प्लेटीवर त्यांचा इतका जीव जडला होता की त्यांना ते पटलं. मला अजून तो क्षण दिसतो. त्यांच्या हातातली हातोडी खाली येता येता हवेत राहिली, आणि मी हात पुढे केला.

"द्या इकडे. मी पेन्सिलीनं आखून कात्रीनं कापते. तुमच्यापेक्षा सरळ येईल."

आखलं. सुरेख आखलं. शिवणाच्या बाईंनी आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठोकून शिकवली होती: रेषेवर कधी कापायचं नाही. रेषेबाहेर थोडं कापड जादा सोडायचं, शिवणात त्याला माया म्हणतात. कमी पडलं तर कुठून आणणार? जादा असलं तर आत दुमडता येतं. सहा महिन्यांत ते माझ्या हातात इतकं मुरलं होतं की कात्री रेषेजवळ गेली की आपोआप बाजूला सरकायची. पॅकिंगच्या बाहेरच्या कडेला मी सूतभर जादा ठेवलं. तिथे काही बिघडत नव्हतं. भोकांच्या आतल्या बाजूलाही सूतभर जादा ठेवलं. फिटर लोक इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक म्हणजे सूत. एवढंसं. आणि मला वाटलं, घट्ट बसेल, बरंच आहे.

दोन्ही अंगांना ग्रीस लावून मी ते प्लेटीला स्वतः चिकटवलं. हे जीपखाली पाठीवर पडलेले, तोंडात टॉर्च. मी वरून प्लेट दिली.

टॉर्च तोंडातून काढून त्यांनी विचारलं, "रेषेवर कापलंस ना?"

"हो हो," मी म्हटलं.

असं मी किती सहज म्हटलं. भाजीत मीठ घातलंस का, हो हो. दार लावलंस का, हो हो. त्या दोन अक्षरांचं मी पुढे काय करणार होते ते त्या बाईला कुठे ठाऊक होतं? ती तर संध्याकाळी विहिरीवर सांगत सुटली, "आमच्या जीपचं इंजिन निम्मं मीच बसवलं बरं का."

पाच दिवस जीप अशी धावली की काय सांगू. फिल्टर वर, बॉनेट उघडलं की समोर दिसणारा, स्वच्छ, जसा देव्हाऱ्यातला कलश. हे येताजाता बॉनेट उघडून लोकांना दाखवायचे. यांचे धाकटे भाऊ, आमचे बाळूभावजी, तोंडाचे फार तिखट. तेसुद्धा म्हणाले, "दादा, हे डोकं कंपनीला कळलं असतं तर कंपनी बंद पडली नसती." हे हसले. हसताना मान खाली घालायची त्यांची सवय.

सहाव्या दिवशी मीही पुढच्या सीटवर बसून निघाले. काम काही नव्हतं. वाडीतल्या बायकांना माझं सर्टिफिकेट माहीत नव्हतं, ते सांगायचं होतं. सकाळची वेळ, सागाच्या वाळक्या पानांवरून टायर गेले की करकर आवाज व्हायचा. खाली शेतं निम्मी कापलेली, निम्मी उभी, जशी अर्धी हजामत केलेली. वाडीतून भरून परत येताना मधला चढ आला. चढाच्या मध्यावर आतून आवाज आला. टक टक टक. दारावर कोणी हलक्या हातानं बोटं वाजवावीत तसा. यांचा चेहरा मी बाजूनं बघत होते. तो एका क्षणात म्हातारा झाला. पाय ब्रेकवर जायच्या आत टक टक मोठं झालं, जळका वास आला आणि इंजिन आपल्या आपण बंद पडलं. नुसतं बंद नाही. आत कुठेतरी काहीतरी धरून बसलं, आणि पुन्हा हललं नाही.

बायका उतरल्या. चाकामागे दगड लावले. एक म्हातारी ठाकरीण जाताना बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "तापलाय गं बाय लय." आणि विळे काढून घेऊन त्या सगळ्या एकामागून एक चालत खाली गेल्या. चौदा बायका, रांगेत. कापणी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून जीप अंगणात आणली. कर्जतहून मिस्त्री आला. अर्धं गाव खळ्यावरची कामं टाकून बघायला. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं. कोरडं.

"तेल वर पोचलंच नाय," तो म्हणाला. "एवडे लांब पाइप, वर ही घरची प्लेट. कंपनीवाले काय येडे हायत, त्यांनी फिल्टर खाली लावला त्ये?"

"प्लेट सपाट हाय," हे म्हणाले.

"सपाट असून काय करायचं? मापात कुटंतरी चुकलंय. बाक असंल. आता काय, उचला आन् भंगारात घाला."

"दादा," बाळूभावजी म्हणाले, "आता फुडच्या टायमाला इमान बनव. त्याचा फिल्टर टपावर लाव."

अंगण हसलं. हेही हसले. पण मान खाली नव्हती या वेळी, समोर होती, आणि डोळे कुठेच नव्हते. त्यांनी प्लेट इंजिनापासून सोडवली, ओट्यावर माझ्यापुढे ठेवली आणि हळू म्हणाले, "पूस गं ही, रॉकेलनं." हत्यारं पुसायचं काम माझंच असायचं.

मी प्लेट उलटी केली. पॅकिंग तिला चिकटलेलं होतं. गरम तेलानं ते मऊ पडलं होतं, आणि ती सूतभर कड, ती जादा सोडलेली कड, चारी बाजूंनी आत वळून भोकात बसली होती. भोक उरलं नव्हतं. काजाची फट शिवून टाकावी तसं ते बंद होतं.

समजायला मला वेळ लागला नाही. हेच तर दुःख, की मी खरोखर शहाणी होते.

अंगणात वीस माणसं. मिस्त्री चहा पीत होता. मी सुरी घेतली, ते पॅकिंग खरवडलं, मुठीत घेतलं आणि आत जाऊन चुलीत टाकलं. तेलानं भिजलेलं, भकदिशी पेटलं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं जाळलंस?" मी म्हटलं, "बोळा होता."

बाहेर येऊन प्लेट लख्ख पुसली. यांनी ती हातात घेतली, उजेडात तिरकी धरून बघितली, अंगठा फिरवला. बाक शोधत होते. नसलेला बाक. एक डोळा मिटून, श्वास धरून. मी पुढ्यात उभी, हातात रॉकेलची चिंधी.

तेव्हाच सांगायचं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर अंगण आणखी हसलं असतं, बायकोकडून इंजिन शिवून घेतलं म्हणून. असं मी स्वतःला समजावलं. उद्या सांगू. उद्या त्यांना ताप भरला. तापातल्या माणसाला काय सांगायचं? परवा जीप न्यायला माणसं आली. मग एकदा कागदाचा बोळा चुलीत गेल्यावर रोजचा दिवस आदल्या दिवसापेक्षा कठीणच होता. मी म्हशीला सांगितलं. म्हैस चांगली ऐकायची, पण पुढे काही करायची नाही. तुळशीला सांगितलं. एकदा तर यांना झोप लागल्यावर सांगितलं, आणि झोपेत त्यांनी "हं" म्हटलं, तर मला दरदरून घाम फुटला.

वाडीतल्या बायका पुढची तीन वर्षं कापणीला पायीच आल्या. जाताना आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबायच्या, आणि मी त्यांना पाण्याबरोबर गूळ द्यायचे. पूर्वी नुसतं पाणी द्यायचे. त्यांना वाटलं असेल, शिवण शिकून बाई सुधारली.

आणि यांनी हत्यारांची पेटी बंद केली. रागानं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पळसदरीला धरणाच्या बाजूला मुंबईच्या एका माणसाचा बंगला होता, तिथे हे राखणदार म्हणून लागले. बावीस वर्षं त्यांनी शनिवारी गेट उघडलं आणि रविवारी संध्याकाळी लावलं. पाहुण्यांच्या गाड्या बंद पडायच्या. बॉनेट उघडून ती मंडळी आत नुसती बघत राहायची, आणि हे शेजारी हात मागे बांधून उभे. मी डबा घेऊन गेले होते एकदा, तेव्हा बघितलं. गाडीतला बिघाड यांना लांबूनच कळला होता, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. मालकानं विचारलं, "तुम्हाला यातलं काही समजतं का हो?" हे म्हणाले, "नाय साहेब." घरात नळ गळायला लागला तर वायसर बदलायलाही ते नेरळचा माणूस बोलवायचे. मी म्हटलं, "अहो, दोन मिनिटांचं काम." म्हणाले, "नको. माझं माप चुकतं."

माझं माप चुकतं. हे वाक्य मी माझ्या घरात किती वेळा ऐकलं असेन! चित्र टांगताना, कुलूप बसवताना, नातीचा पाळणा बांधताना. आणि दर वेळी मी शेजारच्या खोलीत, हातात काही ना काही, उभी.

गावात निम्म्या शेतांत आता प्लॉटच्या दगडी खुणा रोवल्यात. उरलेल्या निम्म्यांत भात होतं, पण कापायला माणसं मिळत नाहीत. या वर्षी आम्हीही कापणीचं मशीन बोलावलं. आलं ते भुंग्यासारखं घोंघावत, सकाळी एका तासात एक शेत खाऊन मोकळं. दुसऱ्या शेतात बंद पडलं, कुठूनतरी तेल गळत होतं. ड्रायव्हर परगावचा, विशीपंचविशीचा. त्यानं एक भाग उघडला आणि ओसरीवर येऊन म्हणाला, "आजी, जाड कागद हाय का? पॅकिंग कापायचंय."

सईनं कुठलीतरी लग्नपत्रिका आणून दिली. ड्रायव्हरनं ती त्या भागावर ठेवली, छोटी हातोडी घेतली आणि काठाकाठानं ठोकायला लागला. टिक टिक टिक. गणपतीचं पोट कापलं गेलं, भोक अगदी गोल आलं. दहा मिनिटांत मशीन चालू.

हे बांधावर उभे राहून बघत होते, हात मागे. मशीन पुढे गेलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोराचा हात चांगला हाय. माझी प्लेट वाकडी झाली ती झाली. नायतर त्ये काम झालं असतं."

बत्तीस वर्षांनी. आपल्या आपण. मी शिंकले. डोळ्यांना पाणी आलं. आणि या वेळी गोळी पुरली नाही.

"प्लेट वाकडी नव्हती," मी म्हटलं.

"आं?"

"प्लेट सरळ होती. पॅकिंग मी चुकवलं. रेषेवर नाही कापलं. आत जादा सोडलं, कापडासारखं. ते भोकात वळून बसलं. तुम्ही पुसायला दिलीत तेव्हा मी बघितलं, आणि चुलीत घातलं."

ते बांधावर खाली बसले. त्यांचं वय सत्याहत्तर, बसायला वेळ लागतो. मीही बसले. समोर कापलेल्या भाताचे सड, त्यांच्यात बगळे उतरलेले. बगळे एका पायावर.

"किती सोडलंस?"

"एक सूत."

"चारी अंगांनी?"

"हो."

त्यांनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. "म्हंजे चार सुताचं भोक दोन सुताचं झालं. आन् वर कड मऊ पडली." एवढं बोलून मान हलवली, जशी वैद्यानं दुसऱ्या वैद्याचं ऐकून हलवावी. मग वळले.

"प्लेट?"

"सरळ होती."

"तू बगितलीस?"

"मी पुसली ना. आरशावर जशी होती तशीच होती."

"बाक नव्हता?"

"नव्हता."

मी वाट बघत होते. आता बत्तीस वर्षांचं विचारतील. पळसदरीच्या गेटचं विचारतील. उत्तरं नव्हती, तरी मी तयार होते. पण ते उठले, काठी घेतली आणि गावात गेले. बाळूभावजींकडे. सई सोबत होती, तिनं मला नंतर सांगितलं. बाळूभावजी आता कानानं अधू, खाटेवरच असतात. यांनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "बाळ्या, माझी प्लेट सरळ व्हती रं."

भावजींनी विचारलं, "कुटली प्लेट?"

"जीपची. फिल्टरची."

"कवाची जीप? आपली व्हती का जीप?"

मग रसायनीच्या नानांना फोन लावायला सांगितला. सईनं लावला. नानांच्या सुनेनं उचलला आणि सांगितलं, बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. मिस्त्री कुठला, कोण, कोणालाच आठवेना. वाडीतल्या त्या म्हातारीचं तर मी विचारलंच नाही. अंगणात जे वीसजण हसले होते त्यांतलं एकही माणूस यांना मिळालं नाही. परत येताना त्यांनी मशीनच्या ड्रायव्हरला थांबवलं आणि सगळं सांगितलं, कुंकवापासून. त्या मुलानं बिचाऱ्यानं इंजिन बंद करून ऐकलं. म्हणाला, "भारी काम हाय आजोबा." एवढंच. आणि भाडं संपलं म्हणून दुसऱ्या गावी गेला.

संध्याकाळी हे ओसरीवर बसले. अंगणात पेंढ्याचे भारे, त्यांचा तोच वास. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "अहो, रागवा तरी. एकदा रागवा."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. पालथे केले, उलटे केले. गेली चार वर्षं त्यांच्या हातांना कंप आहे, डॉक्टर म्हणतात वयाचा. बोटं पानासारखी हलत होती.

"म्हंजे ह्ये हात बरोबर व्हते," ते म्हणाले.

मी कप अर्धाच भरला होता, नेहमीसारखा. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. तरी सांडला.

"राहू दे," म्हणाले, "बशीतला पितो."